पाच स्पीकर, एक डिस्क: एसएसीडी आणि सराउंड संगीत घरी कसं ऐकायचं?

सराउंड साउंड म्हणजे काय हे नाशिककराला समजावून सांगायला फार कष्ट पडत नाहीत. विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल पथकासमोर दहा-पंधरा पावलांवर उभे राहा. मग ओळखीच्या वादकाला विचारून पथकाच्या मधोमध जा. ढोल तेच, ताल तोच, पण लांब उभं असताना आवाज आपल्याकडे येतो आणि मधे उभं असताना आपणच आवाजाच्या आत असतो. एक ढोल पाठीत घुमतो, दुसरा डाव्या खांद्याजवळ, ताशा कुठून तरी मागून कडकडतो. घरी आल्यावर त्याच मिरवणुकीचा फोनवर काढलेला व्हिडिओ लावला की राहतो फक्त ताशा आणि टिपरूचा चटचटाट. ढोल गायब!

फोनचा स्पीकर इवलासा असतो, त्यामुळे खालचा घुमार जातो, हे आपल्याला माहीत असतं. पण चांगले हेडफोन लावले तरी ‘मधे उभं असल्याचं’ फीलिंग पूर्ण परत येत नाही. कारण रेकॉर्डिंगमध्येच फक्त दोन चॅनल असतात, डावा आणि उजवा. मागून काय येत होतं हे त्या फाइलला सांगताच येत नाही.

हे सांगू शकणाऱ्या म्युझिक डिस्क गेली पंचवीस वर्षं अस्तित्वात आहेत. एसएसीडी, डीव्हीडी-ऑडिओ आणि ब्लू-रे ऑडिओ ही त्यांची नावं. आपल्या वयाच्या बऱ्याच जणांनी त्या कधी पाहिल्याच नाहीत. एम. जी. रोडवर फोनचं हवं ते कव्हर मिळेल, एसएसीडी मागितलीत तर दुकानदार तुम्हाला मेमरी कार्ड दाखवेल. तरीही हा विषय आत्ताच समजून घेण्यासारखा आहे, आणि त्याचं कारण पुढे येईलच.

आधी यूट्यूबवरच्या ‘८डी ऑडिओ’चा निकाल लावू. ‘हेडफोन लावून ऐका’ म्हणणारी ती गाणी साधी स्टीरिओ असतात. तयार गाणं घेऊन ते डावीकडून उजवीकडे फिरवलेलं असतं आणि वर थोडा एको टाकलेला असतो. त्यात गायक, तबला, व्हायोलिन सगळे एकाच गाठोड्यात बांधून डोक्याभोवती फिरतात. आठ डायमेन्शन वगैरे काही नसतात. खऱ्या सराउंड मिक्समध्ये इंजिनिअरकडे प्रत्येक वाद्याचा वेगळा ट्रॅक असतो आणि कुठलं वाद्य कुठल्या स्पीकरमध्ये किती द्यायचं हे तो ठरवतो. ५.१ म्हणजे पुढे तीन, मागे दोन असे पाच पूर्ण चॅनल आणि ‘.१’ म्हणजे फक्त खालच्या, साधारण १२० हर्ट्झपर्यंतच्या आवाजासाठी एक वेगळा चॅनल.

मागची बाजू कशाला हवी?

‘माझ्या मागे बसून कोण गाणार आहे?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. शास्त्रीय मैफलीचंच बघा. गायक मधे, त्याच्या मागे दोन तानपुरे, आपल्या डाव्या हाताला तबला, उजव्या हाताला हार्मोनियम. सगळे समोर. मग मागचे स्पीकर काय करणार?

उत्तर पांडवलेण्यांत मिळतं. तिथल्या १८ नंबरच्या चैत्यगृहात जाऊन एक टाळी वाजवा. टाळी तुमच्या हातात वाजते, पण तिचा नाद कमानदार छतावरून, बाजूच्या भिंतींवरून, मागून असा सगळीकडून परत येतो. त्यावरूनच डोळे मिटूनही मेंदूला कळतं की आपण केवढ्या जागेत आहोत. कालिदास कलामंदिरात बसून गाणं ऐकतानाही तेच घडतं. सूर समोरून येतो, सभागृह मात्र मागून आणि बाजूंनी ऐकू येतं. स्टीरिओ रेकॉर्डिंगमध्ये हा नाद असतो, पण तोही समोरच्या दोन स्पीकरमधूनच बाहेर पडतो. म्हणजे सभागृहाचा फोटो भिंतीवर टांगल्यासारखं. सराउंडमध्ये मागचा नाद मागून येतो आणि भिंत नाहीशी होते. मागून कुणी तरी हळूच ‘क्या बात है’ म्हटलं तर तेही मागूनच!

हा झाला एक प्रकार. दुसऱ्या प्रकारात मिक्स करणारा तुम्हाला ढोल पथकातच नेऊन उभं करतो आणि वाद्यं चारही बाजूंना ठेवतो. पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा १९७३ चा अल्बम २००३ मध्ये ५.१ एसएसीडीवर आला. त्यातल्या ‘टाइम’ या गाण्याच्या सुरुवातीची घड्याळं खोलीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत वाजतात. पहिल्यांदा ऐकणारा माणूस हमखास मान वळवतो. आपल्याकडे ‘शोले’ १९७५ मध्ये ७० एमएम आणि सहा ट्रॅकच्या स्टीरिओफोनिक आवाजासह आला, तेव्हा नाणं पडल्याचा आवाज ऐकून लोक खुर्चीखाली वाकून बघायचे असं जुने लोक सांगतात. ती हीच गंमत आहे.

डिस्कवर नेमकं असतं काय?

साधी सीडी १९८२ मध्ये आली. ती दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाज मोजते, प्रत्येक मोजमाप १६ बिटचं, चॅनल दोन. गुणाकार केला की सेकंदाला साधारण १४.१ लाख बिट होतात. आता २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ आणि सहा चॅनल घ्या. गुणाकार जातो १ कोटी ३८ लाखांवर, म्हणजे जवळपास दहापट. २००० साली आलेल्या डीव्हीडी-ऑडिओची मर्यादा सेकंदाला ९६ लाख बिट होती. म्हणून तिच्यासाठी मेरिडियन कंपनीची एमएलपी नावाची पद्धत घेतली गेली. झिप फाइलसारखी ती आकार कमी करते, पण उघडल्यावर एकही बिट हरवलेला नसतो. पुढे ब्लू-रेवर आलेलं डॉल्बी ट्रूएचडी याच एमएलपीवर उभं आहे.

सोनी आणि फिलिप्स यांनी १९९९ मध्ये आणलेली एसएसीडी मात्र वेगळ्याच वाटेने गेली. तिच्यात डीएसडी ही पद्धत आहे. प्रत्येक क्षणाला फक्त एक बिट, ० किंवा १, पण सेकंदाला २८ लाख २२ हजार ४०० वेळा. एका बिटमध्ये आवाज कसा मावेल? एखादा नळ तुम्ही प्रचंड वेगाने चालू-बंद करताय असं समजा. नळ फक्त पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद असतो. पण ‘चालू’चं प्रमाण वाढवलं की बादलीतली पातळी वर जाते, कमी केलं की ती हळू चढते. तोटी अर्धी न फिरवताही हवी ती सरासरी धार मिळते. डीएसडीत १ दाट झाले की लाट वर, विरळ झाले की लाट खाली. या घाईत तयार होणारी खरखर गणिताने माणसाच्या ऐकण्याच्या पट्ट्याबाहेर, वर ढकलली जाते.

एसएसीडीची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे तिचे दोन थर. हायब्रिड एसएसीडीत साध्या सीडीचा थर वरच्या बाजूला, म्हणजे लेबलखाली असतो आणि हाय-रेझोल्यूशन थर जाडीच्या मधोमध, अर्धपारदर्शक. सीडी प्लेअरचा ७८० नॅनोमीटरचा लेझर त्या मधल्या थरातून आरपार जातो आणि त्याला फक्त सीडी दिसते. एसएसीडी प्लेअरचा ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर मधल्याच थरावर थांबतो. एकच डिस्क काकांच्या जुन्या सीडी प्लेअरवरही चालते आणि तुमच्या सराउंड सिस्टीमवरही.

पण फरक ऐकू येतो का?

इथे मला थोडं अप्रिय बोलायचं आहे, कारण ‘हाय-रेस’ या शब्दावर बाजारात भरपूर पैसा उकळला जातो.

२००७ मध्ये ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये एक प्रयोग छापला. एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओचा आवाज थेट ऐकवायचा, किंवा मधे सीडीच्या दर्जाची पायरी घालून ऐकवायचा, आणि लोकांना ओळखायला सांगायचं. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर आली. म्हणजे ४९.८ टक्के, नाणं उडवल्यासारखं. २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ राइस यांनी अशा १८ प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा आकडा ५२.३ टक्के आला. संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक खरा, पण केसभर.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: या डिस्क बिटसाठी विकत घेऊ नका, चॅनलसाठी घ्या. १६ की २४ बिट यावर लोक रात्र-रात्र भांडतात, पण दोन चॅनल की सहा हा फरक माझ्या आजीलाही पहिल्या दहा सेकंदांत कळला. फक्त स्टीरिओ असलेली महागडी एसएसीडी घेण्याआधी दहा वेळा विचार करा. पहिला पगार हातात आलेल्या मित्राला मी हेच सांगतो, आणि तो आधी ऐकत नाही.

याच न्यायाने, बजेट अगदी कमी असेल तर साध्या डीव्हीडीवरच्या ५.१ मैफलींपासून सुरुवात करायला काहीच हरकत नाही. तिथे डॉल्बी डिजिटल जास्तीत जास्त ४४८ केबीपीएसवर दाबलेलं असतं, म्हणजे हाय-रेस अजिबात नाही, पण पाच दिशा आहेत. ‘कॉन्सर्ट फॉर जॉर्ज’ शोधा. २९ नोव्हेंबर २००२ ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये जॉर्ज हॅरिसनच्या स्मरणार्थ झालेली ही मैफल. पंडित रविशंकरांनी रचलेली ‘अर्पण’ ही रचना अनुष्का शंकर यांनी कंडक्ट केली, आणि भारतीय वाद्यांसोबत तंतुवाद्यांचा ताफा एवढ्या मोठ्या सभागृहात कसा पसरतो ते तिथे कळतं.

आपलं संगीत कुठे आहे?

मराठी गाण्यांच्या सराउंड डिस्कचं कपाट भरेल अशी आशा ठेवू नका. आपलं बहुतेक संगीत मोनो आणि स्टीरिओत घडलं. १९२१ मध्ये नाशिकमध्येच जन्मलेले पंडित द. वि. पलुस्कर १९५५ मध्ये गेले. त्यांची रेकॉर्डिंग्ज मोनो आहेत आणि कुठलंही सॉफ्टवेअर त्यातून खरी मागची बाजू काढून देणार नाही. ती एका स्पीकरवर, नीट, शांतपणे ऐकावीत. पलुस्करांचं गाणं ‘५.१ मध्ये रूपांतरित’ करून देतो म्हणणारं ॲप दिसलं तर फोन खाली ठेवा.

मराठीत सराउंड आहे ते चित्रपटांत. ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर जाऊन सिंफनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला. एवढ्या वादकांचा ताफा एका मोठ्या खोलीत वाजतो तेव्हा त्या खोलीचा नादही संगीताचा भाग असतो. २०१६ मध्ये थिएटरात ते ऐकलेल्यांना फोनवरचं तेच गाणं चपटं का वाटतं, याचं अर्धं उत्तर इथे आहे. ‘कट्यार काळजात घुसली’सारखा सिनेमा ५.१ आवाजासह मिळाला तर तो हॉलमधल्या टीव्हीच्या स्पीकरवर बघणं म्हणजे पुरणपोळी तुपाशिवाय खाणं.

भारतीय नाव हवंच असेल तर बंगळुरूचे रिकी केज आणि स्टुअर्ट कोपलंड यांचा ‘डिव्हाइन टाइड्स’ आहे. त्याला २०२३ मध्ये इमर्सिव्ह ऑडिओचा ग्रॅमी मिळाला. बाहेरचं ऐकायचं असेल तर डायर स्ट्रेट्सच्या ‘ब्रदर्स इन आर्म्स’ची २००५ ची एसएसीडी आणि बीटल्सच्या ‘लव्ह’ची २००६ ची डीव्हीडी-ऑडिओ. खर्च करण्याआधी चव घ्यायची असेल तर नॉर्वेच्या टू-एल या कंपनीने चर्चमध्ये केलेल्या रेकॉर्डिंगचे ५.१ नमुने स्वतःच्या साइटवर फुकट ठेवलेत. पेन ड्राइव्हवर टाका, रिसीव्हरला लावा.

घरात बसवताना

लागतात तीन गोष्टी: प्लेअर, एव्ही रिसीव्हर आणि स्पीकर. प्लेअरमध्ये सोनीच्या यूबीपी-एक्स७०० आणि एक्स८०० या ब्लू-रे प्लेअरवर एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ दोन्ही चालतात. पीएस३ च्या अगदी सुरुवातीच्या मॉडेलवर एसएसीडी चालायची, नंतर ती सोय काढली. पीएस४ आणि पीएस५ वर तर साधी सीडीसुद्धा चालत नाही. लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये हायब्रिड एसएसीडी घातली तर फक्त सीडीचा थर दिसतो.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते केबलवर. ऑप्टिकल केबलमधून एसएसीडीचे सहा चॅनल जात नाहीत. त्या केबलची ऐपत दोन चॅनल साधा डिजिटल आवाज किंवा दाबलेलं डॉल्बी-डीटीएस एवढीच आहे. एचडीएमआयच हवी, आणि ती प्लेअरमधून थेट रिसीव्हरला. टीव्हीत घालून साध्या एआरसीने परत आणायला गेलात तर पुन्हा तोच गळा आवळला जातो. त्यासाठी ईएआरसी लागतं. रिसीव्हर जुना घेतला तरी चालतो, फक्त एचडीएमआयमधून आवाज स्वीकारणारा हवा. काही जुन्या रिसीव्हरमध्ये एचडीएमआय फक्त चित्र पुढे पाठवते आणि आवाजाला हातच लावत नाही. विकणारा हे सांगत नाही, म्हणून मॅन्युअल वाचा. साउंडबारबद्दल विचाराल तर सिनेमासाठी ठीक, पण या डिस्कसाठी घेऊ नका. मागे खरे दोन स्पीकर हवेतच.

स्पीकर कुठे ठेवायचे याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. तुमच्या नाकासमोर मधला स्पीकर, त्याच्या दोन्ही बाजूंना ३० अंशांवर डावा-उजवा, आणि मागचे दोन १००ते १२० अंशांवर, म्हणजे कानांच्या थोडे मागे. सिनेमासाठी छोटे मागचे स्पीकर चालून जातात, पण संगीतात मागून पूर्ण गिटार येऊ शकते, त्यामुळे जमेल तेवढे पाचही सारखे घ्या. पाचही तुमच्यापासून सारख्या अंतरावर असावेत, पण आपल्या फ्लॅटमध्ये एका बाजूला बाल्कनीचं दार आणि दुसऱ्या बाजूला देवघर असतं. मग रिसीव्हरमध्ये अंतर भरा. आवाजाला एक फूट जायला जवळपास एक मिलिसेकंद लागतो, तेवढा उशीर तो बाकीच्या स्पीकरना लावतो.

खोलीचं काय? माझा हॉल १४ बाय १० फुटांचा, खाली व्हिट्रिफाइड टाइल, चारी बाजूंना काँक्रीट. अशा खोलीत टाळी वाजवली की चैत्यगृह नाही, बाथरूम ऐकू येतं. जमिनीवर जाड सतरंजी, खिडकीला जड पडदा, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट. एवढ्याने जो फरक पडला तो कुठल्याही महाग केबलने पडत नाही. १४ फुटांच्या खोलीत साधारण ४० हर्ट्झला आवाज भिंती-भिंतींत अडकून फुगतो, १० फुटांच्या बाजूला ५६ हर्ट्झला. म्हणून सबवूफर कोपऱ्यात कोंबला की एकच सूर घुमत राहतो. तो थोडा-थोडा सरकवून बघा आणि खाली रबराचे पॅड लावा. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तुमच्या ‘.१’ चॅनलचे पैसे भरलेले नाहीत.

आत्ताच का?

कारण या डिस्क वाजवणारी यंत्रं कमी होत चालली आहेत. सगळ्या प्रकारच्या डिस्क वाजवण्यासाठी नावाजलेल्या ओप्पो डिजिटलने (होय, फोनवाल्या ओप्पोचंच नाव) २०१८ मध्ये नवे प्लेअर बनवणं थांबवलं. आणि प्लेअरचा लेझर झिजतोच.

‘पण आता स्ट्रीमिंगवर ॲटमॉस आहे ना?’ आहे, आणि ते चांगलंही आहे. ॲपल म्युझिकने २०२१ मध्ये ते सुरू केल्यापासून सराउंड मिक्सिंगला पुन्हा काम मिळालं. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. तिथलं ॲटमॉस ७६८ केबीपीएसवर दाबलेलं असतं, ब्लू-रेवरचं ट्रूएचडी काही न गमावता येतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: ॲटमॉस मिक्स म्हणजे जुना ५.१ मिक्स नव्हे. ‘डार्क साइड’चे ॲलन पार्सन्सने केलेला चार चॅनलचा, जेम्स गथ्रीने केलेला २००३ चा आणि नंतर आलेला ॲटमॉस असे वेगवेगळे सराउंड मिक्स आहेत. ॲपवर कंपनी ठेवेल तोच ऐकायला मिळतो. ज्या अल्बमचा सराउंड मिक्स फक्त डिस्कवर आला आणि पुन्हा छापला गेला नाही, तो ती डिस्क आणि ती वाजवणारा प्लेअर असेपर्यंतच आहे.

जुनी डिस्क ऑनलाइन घेताना डब्याचा नाही, डिस्कचा फोटो मागवा. मला एका विक्रेत्याने एसएसीडीचा फोटो दाखवून त्याच अल्बमची साधी सीडी पाठवली होती. डिस्कवर किंवा मागच्या कव्हरवर ‘मल्टी-चॅनल’ लिहिलेलं हवं, कारण कित्येक एसएसीडी फक्त स्टीरिओ असतात. एसएसीडीला रीजन कोड नसतो. ब्लू-रेला असू शकतो आणि भारत ‘सी’ रीजनमध्ये येतो, तेवढं तपासा.

डिस्क आली, घातली आणि मागचे स्पीकर गप्प बसले तर घाबरू नका. प्लेअरच्या मेनूमध्ये आधी ‘एसएसीडी थर’ आणि मग ‘मल्टी’ निवडलंय का ते बघा. बरेच प्लेअर स्टीरिओवर किंवा सीडीवर सेट असतात. मागून आवाज आला पण बास पातळ वाटला, तर डीएसडी आउटपुट बंद करून पीसीएम करा, कारण काही रिसीव्हर थेट डीएसडी आलं की अंतर आणि बासची सेटिंग्ज लावतच नाहीत. एवढं झालं की रिसीव्हरच्या डिस्प्लेवर पाच चॅनलची चिन्हं दिसतात. ती दिसली की लाइट बंद करून बसा.